कुंड्यांची हजेरी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. कंपनीच्या पाहुण्यांच्या बंगल्यातली एकोणीस झाडं मी मारली, आणि ज्या माणसानं ती जपली होती, त्याला ती त्याच्याच चुकीनं मेली असं पटवून दिलं. झाडांचं मला फारसं काही वाटत नाही. झाडं मरतात. दुसऱ्या गोष्टीला पंचवीस वर्षं होत आली, आणि ती मात्र मरत नाही.

त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही. आम्ही त्यांना टाइमकीपर म्हणायचो. समोर साहेब, पाठीमागे टाइमकीपर. मुंबईच्या एका गिरणीत वीस वर्षं कामगारांची हजेरी मांडून आणि कापसाची धूळ गिळून ते पिंपरीला आले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, कोरड्या हवेत जा. पिंपरी-चिंचवडच्या मधल्या माळावर तेव्हा कोरड्या हवेशिवाय दुसरं काही फारसं नव्हतंच. आमच्या कारखान्याची एक चिमणी, पत्र्याच्या दोन शेड आणि परदेशी तंत्रज्ञांसाठी बांधलेला हा बंगला. टाइमकीपर त्या बंगल्याचे मॅनेजर, मी त्यांच्या हाताखालचा कारकून, आणि ताथवड्याहून रोज चालत येणारा गेनूबा हा माळी. एवढा आमचा संसार.

बंगल्याच्या दिवाणखान्यात हवा गार करणारी दोन यंत्रं खिडक्यांत बसवलेली होती. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती. पहिले काही महिने आजूबाजूच्या गावांतली माणसं ती बघायला यायची आणि मागच्या बाजूला उभी राहायची, कारण आत कुणी सोडत नव्हतं. मागच्या बाजूला यंत्र गरम वाफ फेकायचं. गेनूबा एकदा घाम पुसत म्हणाला, "ह्ये खोकं आत सायबाला गार फुकतंय आन भाईर आमच्या अंगाव गरम. कारखानाबी असाच चालतोय, न्हाई का?"

त्या दिवाणखान्यात हिरवळ हवी, ही मोठ्या साहेबांच्या बाईंची इच्छा. पुण्याहून कुंड्या यायच्या, तीन आठवड्यांत पानं करपायची, कुंड्या मागच्या खड्ड्यात जायच्या, पुण्याहून नव्या यायच्या. कुणालाच त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. फुलदाणीतली फुलं सुकतात तशी ही झाडं सुकतात, अशी सगळ्यांची समजूत. टाइमकीपर रुजू झाले त्या दिवशी ते खड्ड्यापाशी अर्धा तास उभे होते. मग आत येऊन मला म्हणाले, "चिरंजीव, एवढे कामगार गिरणीत मेले असते तर चौकशी लागली असती."

मी त्यांचा चिरंजीव कसा झालो, देव जाणे. तेवीस वर्षांच्या कुणालाही ते चिरंजीवच म्हणत.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी लागली.

प्रत्येक कुंडीला पितळी बिल्ला आला, गिरणीत कामगाराला असतो तसा. एक ते एकोणीस. एक नंबर रबराचं झाड, तीन नंबर शोभेचा अळू, सात नंबर क्रोटन, बारा ते पंधरा नेचे. मग मस्टर आलं, लाल कापडी बांधणीचं. त्यात रोज सकाळी आठ वाजता एकोणीस जणांची हजेरी लागायची. पान गळालं की खुलाशाचा रकाना. मी खोटं सांगत नाही, त्यांनी मला एकदा लिहायला लावलं होतं: "तीन नंबरनं दोन पानं टाकली. कारण: दार उघडं राहिल्यानं वाऱ्याचा झोत. जबाबदार: कारकून." माझ्याच हातानं.

आणि शिट्टी. गिरणीतली शिट्टी त्यांनी बरोबर आणली होती. बुधवारी आणि शनिवारी सकाळी ते व्हरांड्यात उभे राहून शिट्टी फुंकायचे. त्यावर मी आणि गेनूबानं आतल्या कुंड्या बाहेर आणि बाहेरच्या आत न्यायच्या. ही झाडांची पाळी. निम्मी आत कामावर, निम्मी बाहेर विश्रांतीला. रस्त्यानं जाणारे कामगार शिट्टी ऐकून दचकायचे, पाळी सुटली की काय म्हणून. पिंपरी कॅम्पातला चहावाला मला बघितलं की विचारायचा, "काय राव, क्रोटनला ओव्हरटाइम मिळतो का?"

मी हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो. त्यांच्या नकला करायचो, शिट्टीसकट. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, पायाला सायकलची क्लिप, आणि सायकल नाहीच. ती गिरणीत चोरीला गेली होती. क्लिप उरली होती म्हणून ते वापरत होते.

त्यांचं म्हणणं असं होतं, आणि ते भेटेल त्याला सांगत. झाड थंडीनं मरत नाही. यंत्र हवा गार करतं तशी तिच्यातली ओल पिळून काढतं, आणि ती कोरडी हवा पानांतलं पाणी ओढून घेते. विणकामाच्या खात्यात सूत असंच तुटतं. म्हणून तिथं छतातून पाण्याचा तुषार सोडतात. "सूत आणि पान, दोघांनाही कोरडेपणा सोसत नाही. एवढंच आहे. यात शास्त्र वगैरे काही नाही." असं म्हणून ते शास्त्र सुरू करत. गार खोलीत माती लवकर सुकत नाही, मुळं सुस्तावतात, पाणी पीत नाहीत. माणूस करपलेलं पान बघतो, त्याला वाटतं झाड तहानलं, तो तांब्यावर तांब्या ओततो. खाली मुळं कुजतात. वरून पान वाळतं, खालून मूळ सडतं, आणि माणूस म्हणतो मी तर रोज पाणी घालत होतो.

उपाय त्यांनी गिरणीतूनच आणलेले. कुंड्या यंत्राच्या झोतापासून लांब, एकमेकींना खेटून. खाली पराती, परातीत पवना नदीतून आणलेले गोटे, गोट्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी. कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये, नुसती वाफ मिळाली पाहिजे. भिंतीवर दोन काचनळ्यांचं यंत्र, एका नळीच्या टोकाला ओली चिंधी. दोन नळ्यांतल्या आकड्यांचा फरक वाढला की हवा कोरडी झाली. गिरणीत हे यंत्र रोज वाचत, इथंही वाचायचं. पाणी द्यायच्या आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. बोटाला ओल लागली तर पाणी नाही. आणि पाणी कोमट. त्यासाठी बादली सकाळपासून उन्हात. थंडीच्या दिवसांत आम्ही नळाच्या गार पाण्यानं कुडकुडत अंघोळ करायचो, आणि रबराच्या झाडाला कोमट.

बोट घालायची सवय इतकी लागली होती, की चिंचवडला कुणाच्या लग्नाला गेले तरी मांडवातल्या केळीच्या बुंध्याशी बोट खुपसायचे. आणि बोट बाहेर काढून वास घ्यायचे. पंगतीला बसायच्या आधी.

एकदा एक परदेशी इंजिनिअर सपत्नीक उतरला होता. सकाळी न्याहारी करताना त्यांना दिसलं, की काळी टोपी घातलेला एक गृहस्थ पांढरं मलमल पाण्यात बुडवून रबराचं एकेक पान दोन्ही बाजूंनी हळूहळू पुसतोय, ओठांत काही पुटपुटतोय. ते पानं मोजत होते. बाईंनी चमचा खाली ठेवला. इंजिनिअर उठला आणि रबराच्या झाडासमोर हात जोडून उभा राहिला. टाइमकीपरना वाटलं, हे आपल्या कामाचं कौतुक. त्यांनीही हात जोडले. दोघं थोडा वेळ तसेच उभे. दाराआड गेनूबा तोंडात मुंडासं कोंबून हसत होता.

हे सगळं मी पन्नासदा सांगितलंय. मित्रांत, लग्नांत, कंपनीच्या जेवणांत. लोक पोट धरून हसतात. इथवरच सांगतो, पुढचं सांगत नाही.

पुढचं असं, की झाडं जगली. तीन आठवडे नव्हे, दीड वर्ष. नेच्यांना पिसांसारखी नवी पानं आली, अळूचं पान सुपाएवढं झालं. हसणाऱ्यांतल्या कुणीच हे ध्यानात घेतलं नाही, मीही नाही. मोठ्या साहेबांनी मात्र घेतलं. अधिकाऱ्यांसाठी आठ नवे बंगले व्हायचे होते, सगळ्यांत गार हवेची यंत्रं. साहेब एकदा दिवाणखान्यात थांबून म्हणाले, "जूनमध्ये मुंबईची मंडळी पाहणीला येताहेत. उन्हाळाभर ही अशीच राहिली तर तुमची पद्धत पुस्तिका करून छापू. आणि वसाहतीच्या सगळ्या बागा तुमच्याकडे. क्वार्टरसकट."

क्वार्टर म्हटल्यावर टाइमकीपर खाली बघायला लागले. त्यांची बायको मुंबईत दिराच्या एका खोलीत राहत होती, नऊ माणसांत. हे बंगल्याच्या मागच्या कोठीत, एकटे. एकत्र बिऱ्हाड करायला दोघांना कधी जागाच मिळाली नव्हती.

एप्रिल संपता संपता मुंबईहून तार आली. बायकोचं ऑपरेशन. एक महिन्याची रजा घ्यावी लागणार होती. टाइमकीपर दोन दिवस लिहीत बसले आणि अकरा पानं माझ्या हातात ठेवली. बारीक अक्षर, कुठं खाडाखोड नाही. कोणत्या नंबरला किती, कधी, कुठल्या खिडकीशी. वर लाल मस्टर.

"चिरंजीव," ते म्हणाले, "ही झाडं नाहीत. हा माझा बिऱ्हाडाचा अर्ज आहे. नीट सांभाळ."

"काही काळजी करू नका, साहेब."

"मी काळजी करत नाही. तू रोज मस्टर भर, म्हणजे झालं. माणूस खोटं बोलेल, मस्टर बोलणार नाही."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. त्याचीही मी नक्कल करायचो.

मे महिना. परदेशी मंडळी महाबळेश्वरला गेलेली. बंगला रिकामा, माळावर ऊन असं, की सायकलच्या दांडीला हात लावता येत नव्हता. आणि किल्ल्या माझ्याकडे, गार हवेची दोन यंत्रं माझ्याकडे. दुपारच्या सुट्टीत मी दिवाणखान्यात जाऊन आडवा होऊ लागलो. चौथ्या दिवशी हिशेब खात्यातले दोघं दोस्त आले. आम्ही पत्ते खेळायला लागलो. डाव मोजायला काही हवं म्हणून परातीतले गोटे काढून घेतले. पाणी घालायला उन्हात जायला नको म्हणून बाहेरच्या कुंड्याही मी पहिल्याच दिवशी आत आणल्या होत्या. जागा होईना म्हणून सगळ्या सरकवल्या, भिंतीशी, यंत्रांच्या बरोबर खाली.

शनिवारी गेनूबा दारात आला. "सायेब, कुंड्या भाईर काढू का? पाळी हाय आज."

कुंड्या बाहेर काढायच्या म्हणजे दोन्ही दारं अर्धा तास सताड उघडी, आणि सगळी गार हवा माळावर. मी पत्ते हातात धरूनच म्हणालो, "राहू दे. मी बघतो."

बुधवारी परत आला. "आवं सायेब, अळू मान टाकाय लागलाय."

"पाणी घालतो म्हटलं ना, गेनूबा."

"पाण्यानं न्हाई व्हायचं ते. सायेबांनी सांगितलंय न्हवं..."

"सायेब मी आहे ना आत्ता?"

तो गेला. नंतर आला नाही.

पाणी मी घातलं. ते तरी घातलं, असं मी स्वतःला सांगत असे. रोज तांब्याभर, बर्फाच्या पेटीतलं, कारण तेच हाताशी होतं. पानं करपली तशी आणखी घातलं. म्हणजे त्यांनी ज्या माणसाची टर उडवली होती, वरून पान वाळतं आणि खालून मूळ सडतं तरी पाणी ओतणारा, तो माणूस मी हुबेहूब झालो. अकरा पानं उशाखाली होती.

आणि मस्टर भरलं. एकही दिवस चुकवला नाही. पुढंपुढं आठवड्याचं एकदम भरून टाकायचो. बुधवार: पाळी बदलली. शनिवार: पाळी बदलली. माती: बोट घालून पाहिली, ओल आहे, पाणी दिलं नाही. काचनळ्यांवरची चिंधी कधीच वाळून खडखडीत झाली होती, आणि चिंधी वाळली की दोन्ही नळ्या एकच आकडा दाखवतात, जणू हवा पावसाळ्यासारखी दमट आहे. ते लिहिलं तर पकडला जाईन, एवढं मला कळत होतं. म्हणून मागल्या महिन्याचे आकडे पुढंमागं करून उतरवले. अक्षर मात्र सुरेख काढलं. त्या महिन्याइतकं सुंदर मस्टर मी पुन्हा कधी भरलं नाही.

टाइमकीपर आले ते सकाळच्या गाडीनं, हातात पिशवी, पायाला क्लिप. त्याच्या आदल्या दिवशी मी दिवाणखाना झाडून घेतला होता, गोटे परातीत टाकले होते, पाणी भरलं होतं, कुंड्या खेटून लावल्या होत्या. सगळं पद्धतीप्रमाणे. फक्त झाडं मेली होती. बारा पुरती, सात अर्धी.

टाइमकीपर एक नंबरपाशी बसले, बोट घातलं, काढलं, वास घेतला. मग दोन नंबर. असं एकोणीसपर्यंत. शेवटच्या कुंडीनंतर ते बोट त्यांनी कोटाला पुसलं. कोटाला काही पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग मस्टर घेऊन ते व्हरांड्यात बसले, दुपारपर्यंत. एकेका ओळीखालून बोट फिरवत. मी पाणी नेऊन ठेवलं. गेनूबा खांबाशी उभा होता.

"चिरंजीव, हे असंच केलंस?"

"हो साहेब. तुमच्या पानांप्रमाणे."

"रोज?"

"रोज."

गेनूबानं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग खाली वाकून त्यानं नसलेलं गवत उपटायला सुरुवात केली. तो कायम नव्हता, रोजावर होता. मी कायम होतो, सहा महिन्यांपूर्वी झालो होतो, आणि वडिलांनी गावात पेढे वाटले होते. असलं सगळं मी तेव्हा मनात म्हणत होतो. आता लिहिताना ते फार थोडं दिसतं.

टाइमकीपरना कळायला हवं होतं. त्यांच्या बोटाला कुजलेल्या मातीचा वास लागला होता आणि मस्टर सांगत होतं की पाणी जवळपास दिलंच नाही. दोन्हीपैकी एक खोटं होतं. वीस वर्षं लोकांची हजेरी मांडलेल्या माणसाला एवढं कळू नये? मी मनातून त्याही क्षणी त्यांना हसलो. हे मला सर्वांत लाजेचं वाटतं. पण ते दोन्ही ताडून बघत होते आणि माझ्यासमोर त्यांनी निवड केली. बोटावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. मस्टरवर ठेवला. म्हणजे माझ्यावर.

"मग माझीच पद्धत चुकली," ते म्हणाले. "पहिल्या उन्हाळ्यात जगली ती नशिबानं. बरं झालं, छापायच्या आधी कळलं."

त्याच संध्याकाळी त्यांनी मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. पद्धत सदोष आहे, पुस्तिका छापू नये, बागांचं काम दुसऱ्या कुणास द्यावं. मुद्दे घालून, सहीसकट. कारकुनानं सूचनांचं तंतोतंत पालन केलं असून त्याचा यात काही दोष नाही, असंही एक वाक्य होतं. पत्र मीच साहेबांकडे नेलं. साहेबांनी वाचून खांदे उडवले. जूनमध्ये मुंबईची मंडळी आली तेव्हा दिवाणखान्यात कापडाची फुलं होती, आणि ती सगळ्यांना आवडली.

टाइमकीपरनी बिल्ले काढून एका डब्यात घातले. शिट्टी पुन्हा ऐकली नाही. क्वार्टर मिळालं नाही. बायको ऑपरेशनमधून उठली आणि दिराच्या खोलीत परत गेली. त्यांचं एकत्र बिऱ्हाड झालं, नाही असं नाही. आठ वर्षांनी, ते निवृत्त झाल्यावर, तळेगावला पुतण्याच्या घरातल्या एका खोलीत.

अकरा पानं माझ्याकडे राहिली. त्यांनी कधी मागितली नाहीत. तीनेक वर्षांनी आठही बंगले उभे राहिले आणि तिथल्या बाईसाहेबांच्या कुंड्या पटापट मरायला लागल्या, तेव्हा नव्या साहेबांनी विचारलं, यातलं कुणाला काही समजतं का? मी हात वर केला. पानं टंकून काढली. खाली माझं नाव. पद्धत सगळीकडे चालली, कारण ती बरोबर होती. टाइमकीपरना ते कळलं नाही, ते तोवर कारखान्याच्या फाटकावर परत हजेरी मांडत होते आणि बागांकडे फिरकत नव्हते. माझी पहिली बढती त्या पानांवर झाली. आज माझ्या केबिनमध्ये यंत्र आहे, झोतापासून लांब एक रबराचं झाड आहे, त्याच्याखाली पवनेतले गोटे आहेत. येणारे म्हणतात, "तुमच्या हाताला गुण आहे हो." मी नको नको म्हणतो, लोक जसं म्हणतात तसं.

मागल्या वर्षी मी तळेगावला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. टाइमकीपर आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत, डोळ्यांनी अधू. मला आवाजावरून ओळखलं. "कोण, चिरंजीव?" अंगणात ऊन चांगलं होतं, आणि साधी तुळससुद्धा नव्हती. मी इकडंतिकडं बघतोय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. म्हणाले, "झाड ठेवत नाही मी घरात. सूनबाई म्हणते एखादं लावू. म्हटलं नको. ज्याला जमत नाही त्यानं जिवाशी खेळू नये."

सून, म्हणजे पुतण्याची बायको, चहा घेऊन आली. त्यांनी चाचपत माझा हात धरला आणि तिला सांगितलं, "हा बघ, आमचा चिरंजीव. फार इमानी मुलगा. माझी चुकीची पद्धत यानं महिनाभर एक दिवस न चुकता पाळली. मस्टर होतं ना त्याचं. असं मस्टर मी गिरणीतही पाहिलं नाही."

मी चहा प्यालो. मग गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला अजून दीड तास होता.

हे लिहिलेलं ते वाचू शकणार नाहीत, आणि त्यांना वाचून दाखवायला मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पद्धत बरोबर होती, मी ती पाळली नाही, मस्टर खोटं होतं. एवढं त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या सुनेच्या देखत, माझ्या तोंडानं सांगणं, हे मी त्यांचं देणं लागतो.